विश्लेषण : अणूइतक्या पातळ पदार्थातलं ‘ध्रुवीकरण’ काय आहे? व्हॅलीट्रॉनिक्सचे विक्रम कसे वाचायचे?

‘ध्रुवीकरण’ हा शब्द कानावर पडला की निवडणूक, जागावाटप आणि टीव्हीवरच्या चर्चा डोळ्यांसमोर येतात. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत मात्र गेल्या दशकभराहून अधिक काळ एका वेगळ्याच ध्रुवीकरणावर काम सुरू आहे. तिथे मतदारांच्या जागी इलेक्ट्रॉन आहेत आणि दोन पक्षांच्या जागी ऊर्जेच्या दोन ‘दऱ्या’. कोणत्या दरीत किती इलेक्ट्रॉन बसलेत, याचा निकाल त्या पदार्थातून बाहेर पडणारा प्रकाश जाहीर करतो.

या विषयाला ‘व्हॅलीट्रॉनिक्स’ म्हणतात आणि दरीनुसार इलेक्ट्रॉनांची विभागणी होण्याला ‘व्हॅली पोलरायझेशन’. अमुक पदार्थात इतके टक्के व्हॅली पोलरायझेशन मिळालं, अशा बातम्या विज्ञानविश्वात अधूनमधून येत असतात. त्यासोबत ‘उद्याचा संगणक’ आणि ‘सिलिकॉनला पर्याय’ हे शब्दही येतात. भारतात द्विमितीय, म्हणजे एक-दोन थरांच्या पदार्थांवर सरकारी पैसा किती आणि कशासाठी लावायचा, याची चर्चा सुरू असताना हे आकडे नीट वाचता येणं गरजेचं आहे. कारण या क्षेत्रात टक्केवारी जास्त म्हणजे कामगिरी चांगली, असं सरळ गणित नाही.

हा पदार्थ नेमका कोणता?

गॅरेजमध्ये वापरलं जाणारं काळं ‘मॉली’ ग्रीस अनेकांनी पाहिलं असेल. त्यातला महत्त्वाचा घटक म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. हा पदार्थ थरांचा बनलेला असतो. एका थरातले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण दोन थरांमधली पकड सैल असते. त्यामुळे थर एकमेकांवरून सहज घसरतात आणि म्हणूनच तो वंगण म्हणून चालतो.

याच सैल पकडीमुळे त्याचा एकच थर वेगळा काढता येतो. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीच्या मदतीने ग्रॅफाइटवरून कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर, म्हणजे ग्राफिन, सोलून काढला होता. या संशोधनासाठी त्यांना २०१० चं नोबेल मिळालं. तीच युक्ती मॉलिब्डेनम डायसल्फाइडलाही लागू पडते. त्याच्या एका थरात मध्ये मॉलिब्डेनम आणि वर-खाली गंधक, अशा अणूंच्या तीन ओळी असतात. जाडी सुमारे ०.६५ नॅनोमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीत असे लाखभर थर मावतील.

ग्राफिन आणि या पदार्थात एक मोठा फरक आहे. ग्राफिनमध्ये इलेक्ट्रॉनच्या खालच्या आणि वरच्या ऊर्जापट्ट्यांमध्ये मोकळी जागा नसते, त्यामुळे त्यातला विद्युतप्रवाह पूर्ण बंद करणं अवघड जातं. मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये ही मोकळी जागा असते, म्हणजे तो खरा सेमीकंडक्टर आहे. टंगस्टन डायसल्फाइड, टंगस्टन डायसेलेनाइड, मॉलिब्डेनम डायसेलेनाइड ही त्याचीच भावंडं.

पातळ केल्यावर तो उजळतो, हे कसं?

सेमीकंडक्टरमध्ये प्रकाश पडला की खालच्या पट्ट्यातला इलेक्ट्रॉन उडी मारून वरच्या पट्ट्यात जातो. खाली त्याची रिकामी जागा राहते, तिला ‘होल’ म्हणतात. इलेक्ट्रॉन परत त्या जागेवर आला की ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते.

अट एवढीच, की इलेक्ट्रॉन सरळ खाली पडायला हवा. जाड मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये वरच्या पट्ट्यातली सर्वात खोल जागा आणि खालच्या पट्ट्यातली सर्वात उंच जागा एका रेषेत नसतात. इलेक्ट्रॉनला तिरकं यावं लागतं आणि त्यासाठी अणूंच्या थरथरीची मदत लागते. ही प्रक्रिया इतकी मंद असते की ऊर्जा बहुतेक वेळा उष्णता म्हणून वाया जाते. एकच थर उरला की दोन्ही जागा एका रेषेत येतात.

२०१० मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या टोनी हाइन्झ यांच्या गटाने हे दाखवून दिलं. एका थराची प्रकाश देण्याची क्षमता जाड पदार्थाच्या तुलनेत दहा हजार पटींहून अधिक भरली. त्याच वर्षी बर्कले इथल्या गटानेही एका थरातून असाच उजेड टिपला. हा प्रकाश लाल रंगाचा असतो. अर्थात ‘दहा हजार पट’ ऐकून हुरळून जाण्याचं कारण नाही. मुळात जाड पदार्थ जवळपास अंधाराच असतो, त्यामुळे इतकी वाढ होऊनही शोषलेल्या प्रकाशातला एक टक्क्याहून कमी भाग परत मिळत होता.

मग ‘दरी’ कुठून आली?

स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या संवेगावर, म्हणजे तो कोणत्या दिशेने आणि किती जोमाने चालला आहे यावर, अवलंबून असते. संवेगानुसार ऊर्जेचा नकाशा काढला तर सह्याद्रीच्या नकाशासारखे त्यात उंच-सखल भाग दिसतात. सखल भाग म्हणजे दऱ्या. इलेक्ट्रॉन साहजिकच तिथे गोळा होतात.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका थरात हा नकाशा षटकोनी असतो आणि त्याच्या कोपऱ्यांवर दोन प्रकारच्या दऱ्या असतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘के’ आणि ‘के प्राइम’ म्हणतात. दोन्हींची खोली अगदी सारखी. इथे एक गैरसमज टाळायला हवा. या दऱ्या पदार्थाच्या पृष्ठभागावरच्या जागा नाहीत. एकाच ठिकाणी असलेले दोन इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या दऱ्यांत असू शकतात, कारण दरी हा त्यांच्या चालण्याचा गुण आहे.

आजची चिप विद्युतभार आहे की नाही, यावरून ० आणि १ ओळखते. इलेक्ट्रॉन या दरीत आहे की त्या दरीत, यावरूनही ० आणि १ लिहिता येईल, हा व्हॅलीट्रॉनिक्सचा मूळ विचार. भार हलवताना उष्णता निर्माण होते. फक्त दरी बदलून माहिती लिहिता आली तर ती उष्णता टाळता येईल, ही त्यामागची आशा.

दरी निवडायची कशी?

दोन्ही दऱ्यांची ऊर्जा सारखी असल्यामुळे नेहमीच्या प्रकाशाला त्यांच्यात फरक करता येत नाही. चुंबकाने त्यांची ऊर्जा वेगळी करता येते, पण एक टेस्लाच्या दणदणीत चुंबकीय क्षेत्रातही हा फरक इलेक्ट्रॉन व्होल्टच्या सुमारे पाच हजाराव्या भागाइतकाच पडतो. खोलीच्या तापमानाला अणूंच्या थरथरीची ऊर्जा त्याच्या शंभरेक पट असते.

उपाय सापडला प्रकाशाच्या फिरकीत. काही प्रकाशलहरी पुढे जाताना उजवीकडे किंवा डावीकडे गोल फिरत जातात. त्यांना वर्तुळाकार ध्रुवीकृत प्रकाश म्हणतात. थ्रीडी सिनेमाच्या अनेक चष्म्यांमध्ये एका डोळ्याला उजव्या फिरकीचा आणि दुसऱ्याला डाव्या फिरकीचा प्रकाश पोहोचतो, तो हाच. प्रकाशकणालाही स्वतःची फिरकी असते, याचा प्रायोगिक पुरावा सर सी. व्ही. रामन आणि एस. भगवंतम यांनी १९३१ मध्ये मांडला होता.

ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठात २००७-०८ मध्ये डी शियाओ, वांग याओ आणि चियान नियू यांनी सिद्धान्त मांडला, की स्फटिकाची एक विशिष्ट सममिती मोडलेली असेल तर एक दरी फक्त उजव्या फिरकीचा आणि दुसरी फक्त डाव्या फिरकीचा प्रकाश स्वीकारेल. ग्राफिनमध्ये सगळे अणू कार्बनचेच, त्यामुळे ती सममिती टिकून असते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका थरात मॉलिब्डेनम आणि गंधक आलटून पालटून येतात, त्यामुळे ती मोडते. नैसर्गिक रचनेत दोन थर एकावर एक आले की सममिती परत येते आणि हा नियम विरतो. म्हणून एकाच थराचं एवढं महत्त्व.

हा नियम दोन्ही बाजूंनी लागू होतो. उजव्या फिरकीचा प्रकाश टाकला की एकाच दरीत इलेक्ट्रॉन जातात, म्हणजे माहिती लिहिली गेली. ते परत खाली येताना उजव्या फिरकीचाच प्रकाश बाहेर टाकतात, म्हणजे माहिती वाचली गेली. लेखणी आणि चष्मा, दोन्ही कामं प्रकाशच करतो.

२०१२ मध्ये काय घडलं?

त्या वर्षी तीन गटांनी जवळपास एकाच वेळी हे प्रयोगात दाखवलं. हाँगकाँग विद्यापीठातल्या गटाला ३० टक्के ध्रुवीकरण मिळालं. बीजिंगच्या गटाने ५० टक्क्यांपर्यंतचा आकडा दिला. कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित गटाला अतिशीत तापमानात जवळजवळ १०० टक्के मिळालं.

पदार्थ एकच, प्रयोगाची कल्पनाही एकच, मग आकडे तीन का? लेसरचा रंग, तापमान आणि नमुन्याची प्रत प्रत्येक ठिकाणी वेगळी होती. पण या फरकाच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे आणि तीच या क्षेत्रातली प्रत्येक बातमी वाचताना उपयोगी पडते.

आधी हा आकडा कसा काढतात ते पाहू. बाहेर आलेल्या १०० प्रकाशकणांपैकी ७५ उजव्या आणि २५ डाव्या फिरकीचे असतील, तर दोन्हींतला फरक ५० म्हणून ध्रुवीकरण ५० टक्के. सगळे उजवे असतील तर १०० टक्के. दोन्ही निम्मे-निम्मे असतील तर शून्य. ध्यानात घ्यायची बाब ही, की बाहेर आलेल्या प्रकाशाचीच इथे मोजणी होते. किती प्रकाश बाहेर आला, हे या टक्केवारीत कुठेच दिसत नाही.

टक्केवारीची मेख कुठे आहे?

एक उदाहरण घेऊ. एका रेल्वे स्थानकावर दोन फलाट आहेत आणि सगळे प्रवासी सुरुवातीला फलाट क्रमांक एकवर उभे आहेत. दोन्ही फलाटांवर लोकल येणार आहे. गाडी लगेच आली तर सगळे एक नंबरवरूनच चढतील. उशीर झाला तर लोक पुलावरून इकडे-तिकडे करतील आणि गाडी येईपर्यंत दोन्ही फलाट सारखेच भरलेले असतील. फलाट म्हणजे दऱ्या, पुलावरची ये-जा म्हणजे दरीचा विसर आणि गाडीत चढणं म्हणजे प्रकाश बाहेर पडणं.

आता आणखी एक शक्यता. स्थानकाची भिंत जागोजागी तुटलेली आहे आणि बहुतेक लोक वाट न पाहता तिथून बाहेर पडत आहेत. गाडीत चढतात ते अगदी सुरुवातीचे थोडे जण, आणि ते सगळे एक नंबरवरचेच. कागदावर नोंद होईल : ‘१०० टक्के प्रवासी फलाट क्रमांक एकवरून.’ पण गाडी मात्र रिकामी.

पदार्थातले दोष म्हणजे या तुटलेल्या भिंती. दोष जास्त असले की इलेक्ट्रॉन प्रकाश न देताच पटकन संपतात. उरलेला थोडा प्रकाश फिरकी बदलण्याआधीच बाहेर आलेला असतो, म्हणून ध्रुवीकरण उत्तम दिसतं. उलट, नमुना स्वच्छ आणि उजळ असेल तर इलेक्ट्रॉन जास्त काळ जगतात, त्या काळात दोन्ही दऱ्यांत विखुरतात आणि टक्केवारी घसरते.

हे सूत्रातही मांडता येतं. इलेक्ट्रॉनचं आयुष्य आणि दरीची आठवण टिकण्याचा काळ दोन्ही ५ पिकोसेकंद असतील, तर सुरुवातीच्या १०० टक्क्यांपैकी ५० टक्के ध्रुवीकरण दिसेल. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. आठवण तितकीच ठेवून आयुष्य अर्ध्या पिकोसेकंदावर आणलं तर आकडा ९१ टक्क्यांवर जाईल. आयुष्य ९५ पिकोसेकंद केलं तर तो ५ टक्क्यांवर येईल. तिन्ही वेळा दरीची आठवण टिकली ती ५ पिकोसेकंदच. बदललं ते फक्त आयुष्य.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एका थराचे वेगवेगळे नमुने तपासून हेच नातं समोर आणलं. जे नमुने मंद उजळत होते त्यांचं ध्रुवीकरण जास्त होतं आणि जे तेजस्वी होते त्यांचं कमी.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण २०१५ चं. बर्कले इथे अली जावी यांच्या गटाने मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या थरावर एका तीव्र सेंद्रिय आम्लाची प्रक्रिया केली आणि त्यातले दोष निष्प्रभ केले. एक टक्क्याहूनही कमी असलेली प्रकाश देण्याची क्षमता ९५ टक्क्यांच्या वर गेली. आयुष्य १०.८ नॅनोसेकंद, म्हणजे दहा हजारांहून अधिक पिकोसेकंद झालं. दिव्यासाठी ही मोठी झेप आहे. पण दरीची आठवण जर काही पिकोसेकंदच टिकत असेल, तर इतक्या दीर्घायुषी प्रकाशातून ती वाचता येणार नाही.

आठवण इतक्या लवकर का पुसली जाते?

याचं पहिलं कारण या पदार्थाच्या गुणातच दडलेलं आहे. इतक्या पातळ थरात इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना घट्ट धरून जोडी बनवतात. या जोडीला ‘एक्सायटॉन’ म्हणतात. गॅलियम आर्सेनाइडसारख्या नेहमीच्या सेमीकंडक्टरमध्ये ही पकड काही मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. खोलीच्या तापमानाची सुमारे २५ मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्टची ऊर्जा तिला सहज तोडते. एका थरात मात्र पकड काहीशे मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्टची असते. म्हणून जोडी खोलीच्या तापमानालाही टिकते आणि प्रकाश देते.

पण हीच जवळीक अंगाशी येते. इलेक्ट्रॉन आणि होल इतके जवळ असले की त्यांच्यातल्या ‘एक्स्चेंज’ नावाच्या क्वांटम परस्परक्रियेमुळे एका दरीतली जोडी विरते आणि दुसऱ्या दरीत तशीच जोडी उभी राहते. ज्या गुणामुळे पदार्थ उजळतो, तोच गुण त्याला विसरभोळा बनवतो. दुसरं कारण उष्णता. तापमान वाढलं की अणूंची थरथर इलेक्ट्रॉनला एका दरीतून दुसरीत ढकलते. म्हणून बहुतेक मोठे आकडे शून्याखाली दोनशे अंशांहूनही थंड तापमानातले असतात.

यावर मार्ग आहेत का?

एक मार्ग इलेक्ट्रॉन आणि होलला वेगळं करण्याचा. दोन वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकावर एक ठेवले तर इलेक्ट्रॉन एका थरात आणि होल दुसऱ्यात राहतो. जवळीक कमी, म्हणून एक्स्चेंजही कमी. वॉशिंग्टन विद्यापीठात शियाओडाँग शू यांच्या गटाने २०१६ मध्ये मॉलिब्डेनम डायसेलेनाइड आणि टंगस्टन डायसेलेनाइडच्या जोडथरात दरीचं ध्रुवीकरण ४० नॅनोसेकंद टिकवून दाखवलं. तापमान होतं ३० केल्विन, म्हणजे उणे २४३ अंश सेल्सियस. पुढच्याच वर्षी बर्कलेच्या गटाने १० केल्विनला जोडथरातल्या होलमध्ये ते एका मायक्रोसेकंदाहून जास्त टिकवलं. पिकोसेकंदाच्या तुलनेत ही लाखो पटींची वाढ. किंमत अशी, की दुरावलेल्या जोडीचा प्रकाश क्षीण असतो.

दुसरा मार्ग लेसरऐवजी विजेने दरी निवडण्याचा. टोकियो विद्यापीठातल्या योशिहिरो इवासा यांच्या गटाने २०१४ मध्ये टंगस्टन डायसेलेनाइडचा असा ट्रान्झिस्टर बनवला, की विजेची दिशा बदलली की बाहेर येणाऱ्या प्रकाशाची फिरकी बदलते. खऱ्या उपकरणाच्या दिशेने हे महत्त्वाचं पाऊल मानलं जातं, कारण प्रत्येक चिपसोबत लेसर बसवणं परवडणारं नाही.

तिसरा मार्ग उलट विचार करणारा आहे : आठवण लवकर पुसली जाणार असेल, तर काम त्याआधीच उरका. पिकोसेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे फेम्टोसेकंदात, प्रकाशलहरीच्या आकारानेच दरी निवडायची. या मार्गाचा मुंबईशी थेट संबंध आहे. आयआयटी मुंबईतले गोपाल दीक्षित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या माक्स बॉर्न संस्थेतल्या संशोधकांसोबत २०२१ मध्ये ‘ऑप्टिका’ या नियतकालिकात सैद्धान्तिक काम प्रसिद्ध केलं. उलट दिशांना फिरणाऱ्या दोन रंगांच्या लहरी एकत्र केल्या की तीन पाकळ्यांचा आकार तयार होतो. तो स्फटिकाच्या रचनेशी जुळवून घेतला तर सममिती न मोडलेल्या साध्या ग्राफिनमध्येही दरी निवडता येईल, असं त्यांनी दाखवलं. तीन पाकळ्यांच्या प्रकाशाचीच कल्पना वापरून स्पेनमधल्या आयसीएफओ संस्थेच्या गटाने २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये जाड मॉलिब्डेनम डायसल्फाइडवरचा प्रयोग मांडला. एकच थर हवा, ही अट त्यामुळे सैल झाली आहे.

भारतात आणखी काय सुरू आहे?

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कौशिक मजुमदार यांच्या गटाने २०२३ मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एक थर ग्राफिनच्या दोन थरांमध्ये ठेवून ‘व्हॅली कोहेरन्स’ जवळजवळ १०० टक्के असल्याचं दाखवलं. कोहेरन्स म्हणजे एक्सायटॉन एकाच वेळी दोन्ही दऱ्यांत असताना त्या दोन अवस्थांमधला ताळमेळ टिकून राहणं. क्वांटम उपयोगांसाठी हा गुण साध्या ध्रुवीकरणापेक्षाही नाजूक आणि मोलाचा.

या संशोधनाचं वेगळेपण आकड्यापेक्षा त्याच्या मांडणीत आहे. ग्राफिनमुळे एक्स्चेंज परस्परक्रिया कमी झाली, हे एक कारण. पण एक्सायटॉन झटपट ग्राफिनमध्ये निघून जातात, त्यामुळे त्यांचं आयुष्य घटतं, हेही कारण असल्याचं संशोधकांनी शोधनिबंधाच्या सारांशातच नमूद केलं. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वेगळं काढण्यासाठी त्यांनी चार वेगवेगळ्या रचना तपासल्या. विक्रमी आकड्यामागचं कारण उघड सांगण्याची ही पद्धत या क्षेत्रात दंडक व्हायला हवी.

धोरणाच्या पातळीवर, केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंतच्या या मोहिमेसाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे. चार मुख्य केंद्रांपैकी क्वांटम संवेदन आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईत, तर पदार्थ आणि उपकरणांचं केंद्र आयआयटी दिल्लीत आहे. नव्या प्रकारच्या सेमीकंडक्टर रचना विकसित करणं, हे मोहिमेच्या जाहीर उद्दिष्टांमध्ये आहे.

दुसरीकडे, भारतीय विज्ञान संस्थेतल्या ३० शास्त्रज्ञांच्या गटाने द्विमितीय पदार्थांपासून अँगस्ट्रॉम मापाच्या चिप बनवण्याचा प्रस्ताव केंद्राला दिल्याचं वृत्त एप्रिल २०२५ मध्ये आलं. अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग. वृत्तानुसार हा अहवाल पहिल्यांदा २०२२ मध्ये आणि सुधारित स्वरूपात ऑक्टोबर २०२४ मध्ये सादर झाला. मागणी होती पाच वर्षांत ५०० कोटी रुपयांची.

पातळ चिप आणि व्हॅली चिप एकच का?

नाही. आणि याच ठिकाणी बातम्यांमध्ये सर्वाधिक घोळ होतो. चीनमधल्या फुदान विद्यापीठाच्या गटाने एप्रिल २०२५ मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या सुमारे ५,९०० ट्रान्झिस्टरचा ३२ बिटचा प्रोसेसर ‘नेचर’मध्ये सादर केला. आजच्या मोबाइलमधल्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, त्यामुळे ही सुरुवातच म्हणायची. पण हा प्रोसेसर चालतो तो नेहमीच्या विद्युतभारावर. दऱ्यांशी त्याचा संबंध नाही.

म्हणजे एकाच पदार्थाचे दोन वेगळे प्रवास आहेत. ट्रान्झिस्टर लहान करण्याच्या प्रवासात तो कारखान्याच्या दिशेने निघाला आहे. तिथे प्रश्न आहेत ते मोठ्या चकतीवर निर्दोष थर वाढवण्याचे आणि चांगले विद्युतजोड देण्याचे. दरीच्या प्रवासात तो अजून प्रयोगशाळेत, बहुतांशी द्रवरूप हेलियमच्या थंडीत आहे. पहिल्या प्रवासातल्या यशाच्या जोरावर दुसऱ्यासाठी व्यावसायिक आश्वासनं देणं चुकीचं ठरेल. दुसरा प्रवास लांबचा आहे म्हणून पहिल्याचा निधी अडवणं त्याहून चुकीचं.

दरी आणि प्रकाश यांचा पहिला उपयोग कदाचित संगणकात होणारही नाही. ठरावीक फिरकीचा प्रकाश देणारे सूक्ष्म दिवे, किंवा एका वेळी एकच प्रकाशकण सोडणारे स्रोत, हे पर्याय जास्त जवळचे वाटतात. टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये असे एकेका कणाचे स्रोत २०१५ मध्येच सापडले आहेत आणि सुरक्षित क्वांटम संदेशवहनासाठी असे स्रोत लागतात.

पुढची बातमी वाचताना काय पाहायचं?

‘अमुक टक्के व्हॅली पोलरायझेशन’ असा मथळा दिसला की चार प्रश्न विचारायला हवेत. तापमान किती होतं : खोलीचं की उणे अडीचशे अंश? ध्रुवीकरण टिकलं किती काळ : पिकोसेकंद, नॅनोसेकंद की त्याहून जास्त? पदार्थाने शोषलेल्या प्रकाशातला किती भाग परत दिला? आणि दरी निवडली कशाने : महागड्या लेसरने की विजेने?

या चारही प्रश्नांची उत्तरं एकाच उपकरणात चांगली येतील तेव्हा व्हॅलीट्रॉनिक्स प्रयोगशाळेबाहेर पडेल. आजवरच्या प्रयोगांत एक उत्तर सुधारलं की बहुधा दुसरं बिघडलं आहे. तोपर्यंत १०० टक्के ध्रुवीकरणाच्या बातमीत गाडी भरलेली होती की रिकामी, हे विचारायलाच हवं. प्रस्ताव तपासणाऱ्या सरकारी समित्यांनीही आणि तो पैसा ज्यांच्या करातून येतो त्या वाचकांनीही.